प्रश्नावली की मुलाखत?
पदव्युत्तर प्रबंधासाठी माहिती गोळा करायची म्हटलं की बहुतेक जण प्रश्नावलीकडे वळतात. पाठवायला ती सोपी असतेच. भरून परत मिळवणं हे खरं काम. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये मांडलेली 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' ही मोजपट्टी आजही ग्राहकांचं समाधान किंवा शिक्षकांचा कल मोजायला वापरतात. नैराश्य मोजायला पीएचक्यू-9 ही प्रश्नावली तयारच आहे: 9 प्रश्न, 0 ते 27 गुण. पण मोठ्या लोकसंख्येबद्दल 95 टक्के विश्वासपातळीवर, 5 टक्के चूकमर्यादेत बोलायचं तर साधारण 384 जणांचा यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड, लागतो. ओळखीच्यांच्या ग्रुपवर फिरवलेला फॉर्म यादृच्छिक नसतो, मग उत्तरं हजार का येईनात.

मुलाखतीला माणसं कमी पुरतात. नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. या संपृक्ततेच्या कल्पनेचं मूळ ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांच्या 1967 च्या मांडणीत आहे. मात्र तासाभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज जातात, आणि वेळापत्रक आखताना नेमकं हेच विसरलं जातं. समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळीच. ऐकता ऐकता संशोधकाचा समुपदेशक होतो! बोलताना कुणाला रडू कोसळलं तर थांबायचं कसं, मदतीसाठी पाठवायचं कुठे, हे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीकडे जाण्यापूर्वीच ठरलेलं हवं.

किती जणांना त्रास होतो हे शोधायचं असेल तर मी प्रश्नावलीच निवडेन. तो त्रास ते कसा निभावतात, यासाठी मुलाखत. दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो, पण एका वर्षाच्या प्रबंधात तो सहसा झेपत नाही.