दोन फुटी टँकवर दिवा कुठला: बॅटन, फ्लड लाइट की डब्ल्यूआरजीबी?

पाण्यातली झाडं लावलेल्या माशांच्या टँकसाठी कुठला एलईडी घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं? समोरच्याला थट्टा वाटते. पण सोलापुरात टँकचा दिवा वॅट बघून नाही, बादल्या मोजून घ्यावा, असं माझं पक्कं मत झालंय.

कारण साधं आहे. उजेड वाढला की झाडांची भूक वाढते. त्यांना कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो, खत जास्त लागतं. ते मिळालं नाही की झाड थबकतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं. झगझगीत टँक ठेवणारे लोक सीओटूचा सिलिंडर लावतात, खत मोजून घालतात आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलतात. आमच्या जुळे सोलापुरात नळ चार-चार दिवसांआड. मे महिन्यात धुणं तुंबलेलं असताना माशांसाठी भरल्या दोन बादल्या मागून बघा, घरात काय उत्तर मिळतं ते.

आता हिशेब. 24 बाय 12 बाय 15 इंचांचा टँक धरू. काच मोजली तर साधारण 70 लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी 55 लिटरच्या आसपास. ढोबळ नियम असा: लिटरमागे 15-20 लुमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) असले की सोपी झाडं जगतात, 40 पर्यंत मध्यम उजेड मागणारी झाडं जमतात, त्यापुढे गेलात की सीओटू लागतोच. टँक खोल असेल तर हा नियम फसतो, पण सुरुवातीला चालतो.

टँकसोबत येणारा झाकणातला निळा-पांढरा दिवा मासे बघण्यापुरता. त्याच्यावर झाडं ठेवायची तर जावा मॉस ठेवा आणि पुढे चला.

घरातली साधी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखी लांब एलईडी पट्टी, मला सगळ्यात आवडते. दोन फुटी, 10 वॅट, खोक्यावर 6500 के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) आणि कूल डेलाइट लिहिलेली. साधारण 1000 लुमेन, म्हणजे लिटरमागे 18. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिस्नेरिया सगळं हळूहळू पण नीट वाढतं. दोन-अडीचशे रुपयांत काम होतं. उजेड टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पडतो, आणि कमी वाटला तर शेजारी दुसरी बॅटन लावायची, झाले 36. बॅटनचे दोष दोन. ती दमट हवेसाठी बनलेली नसते, त्यामुळे मधे काचेचं झाकण हवंच. आणि तिच्या उजेडात लाल झाड विटकरी दिसतं.

फ्लड लाइटवर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण हौस मला तिथेच महागात पडली. दुकानदार म्हणाला 50 वॅटचा घ्या, झाडं फोफावतील. मीही घेतला. लिटरमागे 80 लुमेनच्या पुढे, तेही सीओटूशिवाय, दिवसाला दहा तास! पहिला आठवडा खरंच बहारीचा गेला. तिसऱ्या आठवड्यात व्हॅलिस्नेरियाच्या प्रत्येक पातीला हिरवे केस लोंबायला लागले. मी संध्याकाळी जुना टूथब्रश घेऊन बसायचो आणि कांडी भरावी तसं शेवाळ त्यावर गुंडाळत राहायचो. त्याच आठवड्यात नळाची पाळी एक दिवस पुढे गेली, आणि बदलायला पाणीच उरलं नाही.

म्हणून फ्लड लाइट वाईट असं नाही. 20 वॅटचा घेतला आणि फूटभर उंच टांगला तर मध्यम झाडांना तो मस्त. अंगानं तो आयपी 65 असतो, शिंतोड्यांना दाद देत नाही. उजेड एकाच ठिकाणाहून येत असल्यामुळे पाण्याच्या लहरी खाली वाळूवर नाचतात, बॅटनमध्ये ती मजा नाही. पण कोपरे काळोखे राहतात आणि सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. शिवाय त्याचं अंग धातूचं. त्याची हिरवी अर्थिंगची वायर कापून दोन पिनांच्या प्लगवर चालवणारे लोक मी पाहिलेत. पाण्याशेजारी हा खेळ नको. तीन पिनाच लावा, वायर प्लगच्या खालपर्यंत झोल देऊन वर न्या म्हणजे थेंब ओघळून सॉकेटात जाणार नाही, आणि हात पाण्यात घालण्याआधी बटण बंद.

राहिला डब्ल्यूआरजीबी, म्हणजे पांढऱ्यासोबत लाल, हिरवे, निळे एलईडी असलेला, खास टँकसाठी बनवलेला दिवा. चिहिरोस वगैरे कंपन्यांचा. दोन फुटीला पाच हजारांच्या पुढेच धरा. याच्या खोक्यावरचे लुमेन बॅटनशी ताडून बघू नका. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, त्यात हिरव्याला झुकतं माप मिळतं, आणि झाडांना चालणारा लाल-निळा उजेड कमी मोजला जातो. इथे ‘पार’ (PAR, झाडांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) विचारायचा. वाळूच्या पातळीला 30 च्या आत म्हणजे सोपी झाडं, 50 च्या पुढे म्हणजे सिलिंडर. या दिव्यात रोटाला, लुडविजिया ही लालसर झाडं खरोखर पेटल्यासारखी दिसतात आणि हिरवा रंग काचेसारखा चमकतो. उजेड कमी-जास्त करता येतो, ही त्याची खरी किंमत. पण तो कायम 30 टक्क्यांवरच चालवायचा असेल, तर त्याच पैशांत चांगला फिल्टर घ्या आणि वर बॅटन.

विजेचं फार मनावर घेऊ नका. 30 वॅटचा दिवा रोज सात तास चालला तर महिन्याला सहा-साडेसहा युनिट. तासांचं मात्र बघा. नव्या टँकला सहा पुरेत, महिन्याभरानं सात-आठ. चकतीचा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो आणि तेवढा मागे पडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्याभरात तो दोन तास चुकतो. बॅटरीवाला डिजिटल टायमर त्यापेक्षा बरा.

उन्हाळ्यात मी दिवा संध्याकाळी पाच ते अकरा लावतो. दुपारी खोलीच तापलेली असते, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. बंद झाकणात एलईडीची ऊब कोंडते, म्हणून एप्रिल-मे मध्ये दिवा स्टँडवर वर उचलतो, झाकण काढतो आणि छोटा पंखा पाण्यावर सोडतो. पाणी दोनेक अंशांनी उतरतं, पण उडतंही भरपूर. ती भर बोअरच्या पाण्यानं घालू नका, क्षार साठत जातात. आरओचं घाला. झाकण काढलंय म्हणून बॅटन मात्र त्या दिवसांत हातभर वर.

कोणता घेऊ म्हणाल तर: पहिल्याच टँकला एक बॅटन, तीन महिन्यांनी झाडं लांबट, विरळ वाढायला लागली तर दुसरी. सिलिंडर घ्यायचं आधीच ठरलंय आणि घरात बोअर किंवा मोठी टाकी आहे, तर सरळ डब्ल्यूआरजीबी. माझा 50 वॅटचा फ्लड लाइट अजून चालू आहे. गच्चीवर लावलाय, नळ रात्री दोनला आला की टाकी भरताना दिसायला.