व्हॉल्व्ह न बदलता फक्त गॅस्केट बदलून दिलं, सिंहगड रोडवरचं पूल स्पेअर्सचं दुकान

आमच्या सोसायटीच्या पूलची लेव्हल रोज उतरत होती, टाइल्सची ओळ उघडी पडली की परत टँकर, आणि पुण्यात मे महिन्यात टँकर मागवून पूल भरायचा म्हणजे मीटिंगमध्ये काय काय ऐकावं लागतं ते कमिटीवाल्यांनाच माहीत. मेंटेनन्सवाला आधी म्हणाला पूलला क्रॅक असेल, मग म्हणे अख्खा मल्टिपोर्ट व्हॉल्व्हच (फिल्टरचा, हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा) बदला. शेवटी ह्या दुकानात फोन केला. त्यांनी फोनवरच विचारलं, हँडल फिल्टरवर असताना वेस्टच्या, म्हणजे घाण पाणी बाहेर सोडायच्या पाइपातून पाणी येतंय का बघा. बघितलं तर चेंबरमध्ये करंगळीएवढी धार चालूच! म्हणाले स्पायडर गॅस्केट, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतलं रबरी सील गेलंय, व्हॉल्व्ह बदलायची गरज नाही. स्वतःचा मोठा माल खपत असताना असं सांगणारा दुकानदार मला तरी फार दिसलेला नाही.

त्यांचा मुलगा आला त्याचं काम खरंच बघण्यासारखं. पंप बंद, पुढचे मागचे व्हॉल्व्ह बंद, गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय स्क्रूला हात नाही. झाकण आणि बॉडीवर मार्करने एक रेघ मारली म्हणजे परत बसवताना झाकण फिरून बसत नाही. आतलं गॅस्केट बैलगाडीच्या चाकासारखं, गोल कडा आणि आत आरे, त्यातला एक आरा चपटा होऊन खाचेतून बाहेर आलेला आणि खाली वाळूचे कण रुतलेले, तिथूनच पाणी वेस्टला पळत होतं. जुनं ओढून काढलं, खाच घासून पूर्ण कोरडी केली, नवीन बोटाने दाबत दाबत बसवलं आणि झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. आमचा पूलवाला व्हॅसलीन घेऊन आला तर लगेच, "काका, ते नका लावू, रबर खराब होतं त्याने." स्क्रू पण समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेला, एकाच बाजूने घट्ट केले तर झाकण तिरकं बसून परत गळतं.

नंतर पूलवाल्याला बसवून समजावलं की पंप चालू असताना हँडल फिरवायचंच नाही, फिल्टरवरून बॅकवॉशवर (उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायला) जाताना आधी पंप बंद. गॅस्केट त्यानेच जातं म्हणे, आणि आमच्याकडे सर्रास तेच चालायचं. आता वेस्टचा पाइप कोरडा आहे.

व्हिजिट चार्ज वेगळा लागतो पण आधी सांगतात, आणि सगळं धरून नवीन व्हॉल्व्हच्या मानाने खर्च काहीच नाही. पार्किंगची मात्र बोंब आहे, दुचाकीवरच जा. आणि जाताना व्हॉल्व्हवरच्या कंपनीच्या नावाचा, मॉडेल नंबरचा फोटो घेऊन जा, दीड इंची आणि दोन इंचीचं गॅस्केट वेगळं असतं, शिवाय साइज तीच असली तरी एका कंपनीचं दुसऱ्याला बसेलच असं नाही.