त्रिफळा, त्रिकटू आणि तिरफळ, तिन्ही नीट ओळखणारं दुकान

मंडईच्या बाजूला काष्ठौषधीची दुकानं बरीच आहेत पण मी इथेच येते. "काका, त्रिफळा द्या" म्हटलं की लगेच पुडा पुढे सरकवत नाहीत, आधी विचारतात चूर्ण का भरड, आणि समभाग का एक-दोन-चार. समभाग म्हणजे हिरडा, बेहडा, आवळकाठी तिन्ही सारख्या वजनाने, आणि दुसऱ्यात हिरडा एक भाग, बेहडा दोन, आवळा चार. तुमच्या वैद्यांनी काय सांगितलंय ते विचारून या, नाहीतर काउंटरवर माझ्यासारखं फोन लावत बसावं लागतं आणि मागे लाइन खोळंबते.

हिरडा सुरवारी (म्हणजे पूर्ण वाढलेला, मोठा) वापरतात, बाळहिरडा नाही (तो बारका काळा, बाळगुटीतला). बी आधी काढलेली असते, फक्त वरची साल दळतात. बीसकट दळलं की वजन फुकट वाढतं, औषध कमी. दळतानाच वास येतो, तुरट एकदम, घशाला लागतो. चूर्ण दोन महिन्यांत संपवा म्हणतात, म्हणून किलोभर मागितलं तर काका स्वतःच नको म्हणतात, असा दुकानदार दाखवा मला!

त्रिकटू पण घ्या. सुंठ, मिरे, पिंपळी समभाग. नावात कटू आहे म्हणून मुलं कडू समजून पळतात पण आयुर्वेदात कटू म्हणजे तिखट, आणि आहेच ते सणसणीत तिखट, चिमूटभर मधातून घ्यायचं. तिघांत पिंपळीच महाग, इथे ती डोळ्यासमोर वजन करून टाकतात.

आता तिरफळ, म्हणजे माशाच्या कालवणात घालायचा कोकणी मसाला. एका ऑनलाइन अ‍ॅपवर तिरफळ मागवलं होतं तर त्रिफळा चूर्णाची डबी आली, वर कस्टमर केअरवाली म्हणते मॅडम सेमच असतं. अहो सेम कसं, बांगड्याच्या तिखल्यात पोट साफ करायचं चूर्ण घालू का मी? इथे मात्र तिरफळं म्हटल्यावर बरोबर कोकणातली ती उकललेली टरफलं आली, काळ्या बिया बऱ्याचशा काढलेल्या, उरल्यासुरल्या घरी निवडा कारण दाताखाली कचकच येते. जरा ठेचून टाकायची, जिभेला मस्त झिणझिण्या येतात. (आमच्या ह्यांना त्रिफळा म्हटलं की फक्त तीन स्टंप आठवतात, पेपरात त्रिफळाचीत वाचत मोठा झालेला माणूस, त्यांना काही आणायला पाठवायचं नाही.)

तक्रारी आहेतच. भावाचा बोर्ड नाही, पुड्यावर तारीख लिहीत नाहीत, आपणच पेनाने लिहायची. दळण चालू असलं की धुरळा उडतो, दमा असेल त्यांनी बाहेरच थांबा. टू-व्हीलर लावायला जागा शून्य, मंडईच्या पार्किंगला लावून चालत या. यूपीआय चालतं. पाचपैकी चार स्टार, एक त्या तारखेचा कापला.