शाहूपुरीतले एक्साइजचे सल्लागार: पाचपैकी चार तारे

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं केसाच्या तेलाचं छोटं युनिट आहे. ('केसाचं तेल' म्हटलं की आमचे सल्लागार साहेब अजून डोळे वटारतात. "औषधी तेल म्हणा!") 2015 साली एक्साइजची, म्हणजे केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याची, कारणे दाखवा नोटीस आली. आम्ही माल ड्यूटीच्या दरपत्रकातल्या प्रकरण 30 मध्ये, आयुर्वेदिक औषध म्हणून दाखवत होतो, ड्यूटी 6 टक्के. खात्याचं म्हणणं, हे त्याच दरपत्रकातलं 3305, केसांची प्रसाधनं, 12 टक्के भरा. साडेतीन वर्षांचा फरक, वर व्याज, वर दंड.

साहेबांच्या पहिल्या भेटीला मी जाडजूड फाइल घेऊन गेलो. "नोटीस राहू दे, बाटली आणलाय काय?" बाटली दिली. भिंग लावून लेबल वाचलं. भृंगराज, ब्राह्मी, जटामांसी इथवर मान डोलावली. खाली आमच्या पोरानं हौसेनं छापलेलं 'काळेभोर, रेशमी केस'. त्याला लाल पेनानं गोल केला. "ह्या तीन शब्दांत केस घालवलासा की!"

मग समजावलं. घटक आयुर्वेदाच्या ग्रंथात असले म्हणून भागत नाही, गिऱ्हाईक ती बाटली कशासाठी घेतं तेही बघतात. सुप्रीम कोर्टात विको टर्मरिक क्रीम औषध ठरलं आणि बैद्यनाथचं लाल दंतमंजन दात घासायची पावडर. मग वैद्यांची आणि केमिस्टांची प्रतिज्ञापत्रं गोळा करायला मला गावभर पळवलं.

खरी कमाल मुदतीच्या मुद्द्यात. आमच्या प्रत्येक रिटर्नमध्ये प्रकरण 30 लिहिलेलंच होतं. "लपवलंच नाही, तर एका वर्षाच्या मागं कसं जाता?" अपिलात मागणी एका वर्षावर आली. उरलेला वाद 2019 च्या सबका विश्वास योजनेत (जुने करवाद मिटवायची सरकारी योजना) मिटवला: 70 टक्के ड्यूटी माफ, व्याज-दंड पूर्ण माफ.

एक तारा का कापला? फोन उचलत नाहीत. बाकड्यावर दोन-दोन तास. झेरॉक्सचे चार-चार सेट, तेही आपणच काढायचे. आणि फी अर्ध्या वाटेत सांगतात.

जीएसटीतही औषध म्हणून 12 का प्रसाधन म्हणून 18 टक्के, हेच भांडण राहिलं. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींना 5 टक्के झाले. पेढे घेऊन गेलो, तर साहेब जरा हिरमुसलेच. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आता लिव्हा काय रेशमी लिव्हायचं ते."