जहाज दाखवणारं ॲप: बडोद्यातून आठ महिने वापरल्यावर

मुलगा मालवाहू जहाजावर थर्ड मेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी आहे. दांडिया बाजारात बसून त्याचं जहाज दिसावं म्हणून आठ महिन्यांपूर्वी एक ॲप घेतलं, फुकटवालं. नाव लिहीत नाही.

किनाऱ्याजवळ झकास चालतं. घोघा-हजिरा फेरी खंभातच्या आखातात कुठवर आली ते दिसतं. अलंगला मोडीत निघालेल्या जहाजाची रेघ भरतीच्या वेळी सरळ किनाऱ्यात घुसते नि तिथेच संपते. ते मात्र बघवत नाही.

पंचाईत झाली दुसऱ्या महिन्यात. रात्री नऊला पाहते तर कोलंबोजवळ त्याच्या जहाजाच्या बाणावर दुसरा बाण चढलेला! त्यात आठ ते बारा ही वॉच, म्हणजे जहाज सांभाळायची पाळी, त्याचीच. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. सकाळी फोन लागला तर हा हसत सुटला. "आई, नकाशावर तो बाणच मैलभराचा दिसतो, जहाज दोनशे मीटरचं. आणि त्या दुसऱ्याची जागा पन्नास मिनिटं जुनी होती." बाणावर बोट ठेवलं की माहिती किती जुनी ते बारीक अक्षरात येतं. मी वाचलंच नव्हतं.

ॲपला माहिती मिळते ती एआयएस नावाच्या यंत्राकडून. मोठ्या जहाजावरचं हे यंत्र जहाज चालताना दर २ ते १० सेकंदांनी जागा, वेग, दिशा व्हीएचएफ रेडिओवर सांगत राहतं. नांगर टाकला की दर ३ मिनिटांनी. शेजारच्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, ते थेट पोचतं, आणि दोघं एकमेकांच्या किती जवळून, किती मिनिटांनी जाणार याचा आकडा पडद्यावर येतो. त्याला ते सीपीए आणि टीसीपीए म्हणतात. आपल्याला मात्र किनाऱ्यावरच्या अँटेनाने ऐकलं तरच कळणार. खोल समुद्रात जहाज चार-चार दिवस गायब. उपग्रहाचे पैसे वेगळे.

मग टक्कर होतच नसेल, असं मी म्हटलं. तर म्हणाला, ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना एआयएसची सक्ती २००४ अखेरपासून आहे, तरी ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ आदळलीच. शिवाय मासेमारीच्या लहान होड्यांवर ते यंत्र बऱ्याचदा नसतंच. तिथे रडार आणि स्वतःचे डोळे.

पैशांचा प्लॅन घेतलेला नाही, घेणारही नाही. सासूबाई हल्ली फोन हातात घेतल्या घेतल्या आधी विचारतात, "हे कधीचं गं?"