पेरोव्स्काइट एलईडीसाठीची तयार नॅनोस्फटिक शाई: वापरानंतरचे मत

पेरोव्स्काइट म्हणजे एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ; त्यांपैकी सिझियम, शिसे आणि ब्रोमीन यांच्या नॅनोस्फटिकांची (अतिसूक्ष्म स्फटिकांची) ही तयार शाई आम्ही प्रयोगशाळेत हिरव्या एलईडीसाठी वापरली. रंगाच्या शुद्धतेबाबत तिने पूर्ण समाधान दिले, कारण ५१५ नॅनोमीटरच्या आसपास येणारा प्रकाशपट्टा जेमतेम २० नॅनोमीटर रुंद भरला. मात्र बाटलीतून काढून थेट लावलेला थर वीज नीट वाहू देत नाही, कारण स्फटिकांभोवतीचे ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन यांचे लांब रेणू विद्युतरोधक असतात. ते मिथाइल अ‍ॅसिटेटने जपून धुऊन त्यांच्या जागी आखूड साखळ्यांचे अमोनियम ब्रोमाइड बसवले, तेव्हाच पृष्ठभागावरील ब्रोमीनच्या रिकाम्या जागा भरल्या आणि एलईडी कमी व्होल्टेजला उजळला. धुणे थोडे अधिक झाले तरी चमक जाते, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात ठळकपणे सांगायलाच हवी होती.

पेरोव्स्काइट एलईडींची बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत सोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांचे प्रमाण) २०१८ मध्येच २० टक्क्यांपुढे गेली असली, तरी स्फटिकातील आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) स्थलांतरामुळे त्यांचे आयुष्य अपुरेच राहते. आमचे नमुनेही लवकर मंदावले, पण त्याचा दोष एकट्या शाईला देणे मला न्याय्य वाटत नाही. निळ्या प्रकाशासाठीची क्लोरीनमिश्रित शाई मात्र मी घेणार नाही, कारण वीज वाहताना त्यातील हॅलाइड (क्लोरीन आणि ब्रोमीन यांचे आयन) वेगळे होऊन रंग हिरव्याकडे सरकतो.