पॅलिन पीसीआय: अडखळत बोलणाऱ्या मुलाच्या आई-बाबांसाठी कितपत उपयोगी?

लंडनच्या मायकेल पॅलिन सेंटर या अडखळत बोलण्यावरच्या केंद्रात घडलेली ही ‘पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन’ (पालक-मूल संवाद) थेरपी साधारण सात वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. मुंबईत घ्यायची तर थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आणि या पद्धतीचं प्रशिक्षण, दोन्ही आधी विचारा. पहिल्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासून.

आठवड्याला एक अशा सहा भेटी, मग सहा आठवडे घरी सराव. घरच्या कामाचा भाग म्हणजे ‘खास वेळ’: पाच मिनिटं, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, मूल निवडेल तो खेळ. आई आणि बाबा, दोघांनी वेगवेगळा द्यायचा. बाबा लोकलने रात्री उशिरा पोचत असतील, तर शनिवार, रविवार आणि मधली एक सकाळ धरावी. वन रूम किचनमध्ये तेवढा वेळ टीव्ही बंद, भावंड आजीबरोबर गॅलरीत.

सगळ्यात मोलाचा भाग व्हिडिओचा. तुम्ही मुलाशी खेळताना थेरपिस्ट चित्रीकरण करते आणि तुम्हालाच दाखवते. आपण काय चांगलं करतो ते तुम्ही शोधायचं. उत्तराला वेळ देणं, प्रश्न कमी करणं, आपला वेग उतरवणं, यांतलं एका वेळी एकच उद्दिष्ट घ्यायचं. ‘हा कुठला रंग? किती झाले?’ सुरू झालं की त्या पाच मिनिटांची शिकवणी होते आणि मूल टाळायला लागतं.

भावना सांभाळण्याचा भाग घाईच्या क्लिनिकमध्ये मागे पडू शकतो. तो हक्काने मागून घ्या, कारण घरात खरी अडचण तिथेच येते. शब्द अडकला आणि मुलाने ठोकळे भिरकावले, तर त्याच्या उंचीला बसून म्हणा, ‘शब्द अडकला, म्हणून राग आला ना?’ आणि थांबा. शब्द तुम्ही पूर्ण करू नका. ‘सावकाश बोल, श्वास घे’ हेही नको. त्याने आपलं बोलणं चुकतंय एवढंच त्याला कळतं. फेकाफेकीचा नियम मात्र भावंडाला जो, तोच याला. अडखळतो म्हणून सूट दिली तर राग आवरायची सवय लागत नाही. नंतर कौतुक नेमकं करा: ‘चिडला होतास, तरी ठोकळे उचललेस.’

अडखळणं मुळात कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे एका वाईट आठवड्यावरून थेरपी सोडू नये. मूल दिवसभर आजीजवळ असेल तर एका भेटीला आजींनाही न्या.

घरच्या सहा आठवड्यांत ‘खास वेळे’च्या नोंदीचा कागद दर आठवड्याला थेरपिस्टकडे जायला हवा. फोटो काढून पाठवला तरी चालेल, पण तो वाचून कळवणार का, हे फी भरण्याआधीच विचारा.